आर्किटेक्टने बीआयएममध्ये करिअर केलं, तर डिझाइन सुटतं का?

बीआयएमची, म्हणजे इमारतीचं माहितीसह थ्रीडी मॉडेल बनवण्याची नोकरी घेतली तर दुसऱ्यांची ड्रॉइंग थ्रीडीत उतरवण्यातच जन्म जाईल का, असं तुम्ही विचारलंय. भीती रास्त आहे, अनेकांचं तसं होतं. मी आर्किटेक्ट आहे आणि बीआयएम को-ऑर्डिनेशन करतो, म्हणजे सगळ्यांची मॉडेल्स एकमेकांशी जुळवतो. डिझाइन म्हणजे फक्त एलिव्हेशन, इमारतीचं दर्शनी रूप, असेल, तर माझं ते सुटलं. पण इमारतीचं बरंचसं डिझाइन फॉल्स सीलिंगच्या वर ठरतं.

साधा कॉरिडॉर घ्या. मजल्याची उंची ३६०० मिमी. त्यातून स्लॅबसह बीम ६००, इन्सुलेशनसह एसीची डक्ट ४००, खाली केबल ट्रे २००, सीलिंगची फ्रेम १०० वजा करा. उरले २३००, आणि सीलिंग हवंय २४०० वर. नेव्हिसवर्क्स हे मॉडेल तपासणारं सॉफ्टवेअर तुम्हाला टक्कर दाखवेल. माघार कोणी घ्यायची, हे नाही सांगणार. ड्रेनेजच्या पाइपला उतार लागतो, तो सहसा हलत नाही. ट्रे मात्र डक्टच्या बाजूला सरकू शकतो, रुंदी असेल तर. नाहीतर डक्ट चपटी करा, म्हणजे एचव्हीएसीवाल्याशी (एसी-व्हेंटिलेशनच्या इंजिनिअरशी) भांडण आलंच! हा निर्णय आर्किटेक्टचाच. क्लॅश रिपोर्टमध्ये, म्हणजे अशा टकरींच्या यादीत, हजारो ओळी येतात, त्यातल्या कितीतरी एकाच चुकलेल्या शाफ्टच्या (पाइप-डक्टच्या उभ्या पोकळीच्या) असतात. ते ओळखणं हे खरं कसब.

मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर रेव्हिट की आर्किकॅड, यावर फार डोकं खपवू नका. एक नीट शिका आणि आयएफसी फाइलमधून (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणारा खुला फॉरमॅट) माहिती दुसरीकडे नेताना काय गळतं, ते स्वतः तपासा. 'रेव्हिट येतं' हे सगळ्यांच्याच सीव्हीत असतं. जिन्याचा सेक्शन हाताने काढता येणारे कमी.

मॉडेलर, को-ऑर्डिनेटर, मॅनेजर अशी साधारण चढण. वर गेल्यावर मॉडेलिंग कमी आणि कागदपत्रं जास्त: कोणी, कधी, किती तपशिलाची माहिती द्यायची, हे ठरवायचं. ब्रिटिश सरकारने २०१६पासून केंद्रीय प्रकल्पांना बीआयएम सक्तीचं केलं आणि २०१८मध्ये आयएसओ १९६५० हे बीआयएममधली माहिती हाताळण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. परदेशी कामं करायची असतील तर ते वाचावंच लागेल. कंटाळवाणं आहे, पण पुढे चांगला पगार बहुतेक तिथेच मिळतो.

मुलाखतीत एक विचारा: को-ऑर्डिनेशन मीटिंगला मॉडेल करणारा बसतो का, आणि साइटवर जातो का? दोन्हींना 'नाही' म्हणाले, तर टूल शिकण्यापुरतं तिथे राहा आणि पुढची जागा शोधायला लागा.