कर्करोगाचा ‘विकास’ म्हणावं का?

अलिबागच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या पट्ट्यातल्या, एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं आहे. गावच्या वाचनालयात ते मायक्रोआरएनए (जनुकांच्या कामाला आवर घालणारे पेशीतले इवलेसे रेणू) आणि कर्करोग या विषयावर बोलणार आहेत. टिपणाचं पहिलं वाक्य त्यांनी असं लिहिलंय : ‘मायक्रोआरएनएमधील बदल कर्करोगाच्या विकासात महत्त्वाची भूमिका बजावतात.’ यातला ‘विकास’ त्यांना खटकतोय. शिवाय, ‘कर्क म्हणजे आपली चिंबोरीच ना?’ असंही त्यांनी विचारलंय.

सर, तुमचा कान बरोबर सांगतोय. संस्कृतात ‘विकस्’ म्हणजे उमलणं. विकसित कमळ म्हणजे उमललेलं कमळ. मराठीत विकास बंदराचा होतो, मुलाच्या बुद्धीचा होतो. रोगाचा होत नाही. रोग जडतो, मूळ धरतो, बळावतो, फैलावतो, विकोपाला जातो. यातलं प्रत्येक क्रियापद रोगाची वेगळी पायरी सांगतं, आणि ‘विकास’ त्या सगळ्या पायऱ्या पुसून टाकतो. ‘भूमिका बजावतात’ हेही नाटकातच शोभतं. इथे साधं ‘हात असतो’ म्हणावं.

पण मला या दोघांपेक्षा जास्त अडतोय तो ‘बदल’. ‘बदल’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याला वाटेल की मायक्रोआरएनएची रचनाच बिघडली, त्यातली रासायनिक अक्षरं इकडची तिकडे झाली. तसं क्वचित होतंही. बहुतेक वेळा मात्र रचना ठीकच असते, बिघडतं ते प्रमाण. आणि तेही कधी घटतं, कधी वाढतं. एकमेकांच्या उलट असलेल्या दोन गोष्टी आपण एकाच शब्दाखाली झाकतो.

मायक्रोआरएनए म्हणजे साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. जनुकाचा निरोप घेऊन निघालेल्या लांब आरएनएला तो चिकटतो आणि त्या निरोपाचं प्रथिन होऊ देत नाही, किंवा कमी होऊ देतो. त्याचं काम आवरण्याचं. १९९३ मध्ये व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी एका इवल्याशा कृमीत हे पहिल्यांदा उलगडून दाखवलं, आणि २०२४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

आता घटण्याचं उदाहरण. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात पुष्कळ रुग्णांच्या पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. कार्लो क्रोचे, जॉर्ज कॅलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की मिर-१५ आणि मिर-१६ हे दोन मायक्रोआरएनए नेमके त्याच तुकड्यावर असतात. हे दोघे बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाला आवरून धरतात, आणि ते प्रथिन पेशीला मरू देत नाही. आवरणारे गेले की बीसीएल-२ माजतं, मरायला हव्या होत्या त्या पेशी जगत राहतात आणि साचतात.

वाढण्याचं उदाहरण मिर-२१. स्तन, फुप्फुस, आतडं अशा अनेक अवयवांच्या गाठींत तो जास्त सापडतो. तो ज्यांना दाबतो त्यांत पीटेन हे प्रथिन आहे, आणि पीटेनचं काम पेशीची वाढ रोखण्याचं. म्हणजे रोखणाराच दाबला जातो. एकीकडे आवरणारा कमी पडला, दुसरीकडे आवरणाराच जास्त झाला, आणि शेवट दोन्हीकडे बेलगाम वाढीत झाला. ‘बदल’ या शब्दातून हे ऐकणाऱ्यापर्यंत कसं पोचणार?

तुमच्याच खारेपाटाचं बघा ना. उधाणात बांध फुटला तर तिथला शेतकरी ‘बांधातील बदलांमुळे नुकसान झाले’ असं कधी म्हणतो का? तो म्हणतो, ‘खांड (बांधाला भगदाड) गेली, खारं पाणी शेतात घुसलं.’ काय तुटलं, काय आत आलं, कुठे आलं, सगळं चार शब्दांत येतं. विज्ञानाच्या मराठीला हीच सवय लागावी असं मला मनापासून वाटतं. आपण नामांच्या माळा ओवतो आणि क्रियापद बिचारं शेवटी ‘बजावतात’पुरतं उरतं.

‘सूक्ष्म आरएनए’ करू नका. लहान आरएनए आणखीही प्रकारचे असतात, घोटाळा होईल. मायक्रोआरएनए हेच ठेवा. ‘जनुकाची अभिव्यक्ती’ पुस्तकात चालेल, पण वाचनालयात ‘जनुक कामाला लागणं’ म्हणा.

तुमचं पहिलं वाक्य मी असं केलं असतं : ‘काही जनुकांना आवरून धरणारे मायक्रोआरएनए पेशीत कमी पडले, किंवा काही भलतेच वाढले, तर पेशींच्या वाढीला धरबंध राहत नाही. कर्करोग मूळ धरतो, बळावतो, त्यात यांचा मोठा हात असतो.’ लांब झालं खरं, पण ऐकताना कुठे अडखळायला होत नाही.

राहिली चिंबोरी. हो, कर्क म्हणजे तीच. आमच्या मालवणात तिला कुर्ली म्हणतात, घाटावर खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा प्राचीन ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, म्हणून त्यांनी रोगाला ‘कार्किनोस’ म्हटलं. त्याचंच लॅटिनमध्ये ‘कॅन्सर’. आपला ‘कर्कट’ आणि त्यांचा ‘कार्किनोस’ हे शब्द भाषेच्या नात्याने भावंडंच. पण रोगाला खेकड्याचं नाव देण्याची कल्पना ग्रीकांची. सुश्रुताचा अशा गाठींसाठीचा शब्द आहे अर्बुद, ‘कर्करोग’ हे त्या ‘कॅन्सर’चं अलीकडचं भाषांतर. व्याख्यानात चिंबोरीचा उल्लेख जरूर करा. तिचे पाय कसे पसरतात हे समोर बसलेल्यांना समजावून सांगावं लागणार नाही.