ताई, वेळापत्रकाचा तक्ता आधी भिंतीवरून काढा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, म्हणजे घरशाळेचं, पहिलंच वर्ष ना? मग घरात शाळा भरवू नका. मी तेच केलं आणि लेक प्रत्येक उत्तराला "बरोबर आहे ना?" म्हणत माझ्या तोंडाकडे बघायला लागली.

सुरुवातीला दोनच गोष्टी धरा. एक, उत्तर लगेच देऊ नका. "तुला काय वाटतं? कशावरून?" एवढं विचारून गप्प बसा. (हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड!) मुलाला नाशिकच्या पांडवलेण्यांवर घेऊन जा. नाव पांडवांचं, पण आत बौद्ध विहार, आणि क्रमांक ३ च्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख. मग हे नाव पडलं कसं? आमचा त्यावर अख्खा आठवडा गेला. अंदाज चुकू द्या, कारण मात्र मागा.

दुसरी, मुलाला तुमचं म्हणणं खोडू द्या. आणि गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात पिशवी, पैसे, घासाघीस मुलाकडे सोपवा. मेथी महाग आणली तर आणली.

"दहावीचं काय?" हे सासरकडून येणारच. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत (एनआयओएस) वयाची १४ वर्षं झाल्यावर प्रवेश घेऊन ती परीक्षा देता येते. तुमचा मुलगा आठ वर्षांचा आहे. ते आत्ता नको.