गरम झाल्यावर पेट्रोल गाडी अचानक बंद पडते, सेल्फ फिरतो पण प्लगला करंट येत नाही. दोष कुठे शोधावा?

आपण लिहिले आहे की भर दुपारी बुटीबोरीहून परतताना वर्धा रोडवर गाडी एकदम बंद पडते, मिस्त्रींनी प्लग काढून पाहिला तेव्हा त्याला करंट नव्हता, आणि पाऊण तासाने गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते. प्लग व कॉइल बदलूनही फरक पडलेला नाही.

तो पडण्याची शक्यता कमीच होती. चारही सिलिंडरांचा स्पार्क एकाच क्षणी जातो, तेव्हा दोष त्या चारांना सामाईक असलेल्या ठिकाणी असतो: मेन रिले (इंजिनाच्या यंत्रणेला वीज जोडणारा स्विच), फ्यूज, अर्थ, इमोबिलायझर (चोरी रोखणारी, चावी ओळखणारी यंत्रणा), ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) किंवा क्रँक सेन्सर. गाडी गार झाल्यावर सुरू होते, म्हणून माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर आहे. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चक्राजवळ तो बसवलेला असतो आणि त्याच्याकडून सिग्नल आला नाही, तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नसते. मग स्पार्क कधी द्यायचा हे त्याला कळणार कसे? अनेक सेन्सरांत बारीक तारेचे वेटोळे असते, जे तापून प्रसरण पावले की आतल्या आत सुटते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा बॉनेटखाली काय होत असेल हे सांगायला नको.

तपासणी मात्र गाडी बंद पडलेली आणि गरम असतानाच करावी. गॅरेजमध्ये गार झालेल्या गाडीत सारे ठीकच दिसेल. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर आधी मेन रिले व फ्यूज पाहावेत. चावीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर विषय इमोबिलायझरचा. हे दोन्ही ठीक असल्यास सेल्फ मारताना स्कॅनरवर (ईसीयूतील माहिती वाचणाऱ्या उपकरणावर) आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, पाहावा. स्कॅनरमध्ये पी0335 हा क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड नोंदलेला असेलच असे नाही, पण इंजिन फिरत असताना आकडा शून्यावरच राहिला, तर सिग्नल पोहोचत नाही हे नक्की. अशा वेळी सेन्सरवर ओले फडके ठेवून तो गार करावा. लगेच गाडी सुरू झाली, तर संशय बराच पक्का होतो. दोन तारांचा सेन्सर असल्यास मल्टिमीटरने त्याचा रोधही मोजता येतो: गार असताना काही शे ओहम किंवा त्याहून जास्त आणि गरम असताना सर्किट उघडे, असे आढळले तर तो बदलावाच. तीन तारांच्या हॉल सेन्सरला (वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) ही चाचणी लागू नाही.

नवा सेन्सर घेण्यापूर्वी कनेक्टर काढून पिना हिरवट पडल्या आहेत का आणि उंदरांनी वायर कुरतडली आहे का, हे जरूर पाहा. डिस्ट्रिब्यूटर (एका कॉइलचा करंट पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) असलेल्या जुन्या गाडीत त्याची कॅप उघडून सेल्फ मारावा. आतला फिरता रोटर फिरत नसेल, तर बहुधा टायमिंग बेल्ट तुटलेला असतो आणि मग सेल्फ पुन्हा मारू नये.

स्पार्क पाहताना प्लगची वायर हातात धरू नये, आणि प्लग काढण्यापूर्वी इंजेक्टरचे कनेक्टर सोडवावेत, नाहीतर उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

आरपीएम दिसतो पण स्पार्क नाही, असे झाल्यास कॉइलपर्यंत वीज येते का ते नुसत्या चावीवर न पाहता सेल्फ फिरत असतानाही मोजावे, कारण झिजलेला इग्निशन स्विच नेमका त्याच स्थितीत पुरवठा तोडतो. पुरवठा, अर्थ आणि सिग्नल तिन्ही मिळत असतील, तरच ईसीयू उघडण्याचा विचार करावा.