हजेरीचं बक्षीस

चि. गुरुजीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, ‘सव्वीस जानेवारी तोंडावर आलीय, बक्षिसांची यादी करायचीय, तुमच्या शाळेत काय पद्धत होती?’ आणि तेवढ्यात रेंज गेली. बरं झालं. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच.

पद्धत सगळ्यांची असते तीच होती. पहिला-दुसरा-तिसरा नंबर, केंद्रस्तरावर खो-खो जिंकून आलेल्या पोरी, शिष्यवृत्तीत आलेले, नवोदयला लागलेला एखादा, आणि शेवटी ‘उत्कृष्ट उपस्थिती’. कंपास पेटी, दोन वह्या, टाळ्या. कितीतरी वर्षं मी हे बिनदिक्कत केलं.

मग एका वर्षी, गुढीपाडवा होऊन गेल्यावर, चौथीतली एक पोर ऊसतोडीवरून परत आली. आपल्या बालाघाटातली निम्मी वाडी दिवाळीनंतर फडावर जाते, ते तुला मी सांगायला नको. तिनं शेजारणीची कंपास पेटी पाहिली, कशाची मिळाली ते विचारलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आली. ‘सर, आमाला कवा देनार? आमी तर आत्ताच आलाव ना.’

तक्रार नव्हती रे त्यात. तिला खरंच वाटलं होतं, की परत आलेल्यांचं वाटप अजून व्हायचंय.

ती गेल्यावर मी हजेरीपट उघडला. जूनपासून दिवाळीपर्यंत तिचा एक खाडा नव्हता. गावात होती तोवर रोज शाळेत होती. पुढं सगळी रांग गैरहजर. आणि ज्याला मी ते बक्षीस दिलं होतं, त्याच्या घरी बारमाही पाण्याची विहीर. म्हणजे इतकी वर्षं मी बक्षीस हजेरीला देत नव्हतो, बापाच्या विहिरीला देत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून विचारलं, फडावर काय करायचीस? तिकडच्या शाळेत दाखवून बसता यावं म्हणून जाताना मी दिलेलं शिक्षण हमी कार्ड पत्र्याच्या पेटीत घडी न मोडता परत आलं होतं, त्यामुळे तिकडच्या शाळेचं विचारण्यात अर्थ नव्हता. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायची, म्हणाली. आणि मोळ्या मोजायची. टोळीत कुठल्या कोयत्याच्या, म्हणजे तोडणाऱ्या जोडीच्या, किती मोळ्या झाल्या यावरून रोज कुरबुर व्हायची, म्हणून हिनं कोळशानं पत्र्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. चार उभ्या, पाचवी आडवी. कुणी शिकवलं? ‘कुनी नाय. लई रेघा झाल्या की मोजाया चुकायचं.’ पुस्तकात यालाच ताळ्याच्या खुणा म्हणतात आणि मी त्या शिकवायला दोन तास घेत असे.

पुढच्या परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, दिनविशेष झाल्यावर तिला फळ्यापाशी उभं केलं. खडूनं रेघा ओढून तिनं सगळ्या वर्गाला ट्रॉलीतल्या मोळ्या मोजून दाखवल्या. पाचवीचे दोघं तिला चुकवायला बघत होते, पण ती चुकली नाही.

म्हणून तुला सांगतो, वर्षातून एकदा मंडप घालण्यापेक्षा रोज परिपाठात एक मिनिट राखून ठेव. एका पोराचं नाव घे, त्यानं काय केलं ते सांग आणि तिथंच थांब. ‘हुशार’, ‘गुणी’ हे शब्द वापरू नकोस. ज्यांना ते मिळत नाहीत ती पोरं त्याच क्षणी खाली बघतात. ‘काल वजाबाकीत हातचा विसरला होता, आज स्वतःच चूक शोधली’ एवढं पुरे. खिचडीच्या पंगतीत पहिलीतल्या पोराचं ताट धरून ठेवणारी असेल, तर तेही सांग.

हीच गोष्ट नोंदवहीची. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तशा वर्णनात्मक नोंदी आल्या, आणि नोंदींच्या तयार पुस्तिकाही आल्या. ‘अभ्यासात रस घेतो’, ‘उपक्रमात सहभागी होतो’. मीही उतरवून काढल्यात, खोटं कशाला बोलू. आता तू एक कर: नोंद लिहिल्यावर नावावर बोट ठेव आणि वाच. कुणाची आहे ते कळलं नाही, तर खोड आणि परत लिही.

फ्लेक्सचं तूच ठरव. माझा अनुभव असा, की त्यावर साहेबांचे फोटो मोठे आणि पोरांचे तिकिटाएवढे येतात. फोटो मात्र काढ. पण ते केंद्राच्या ग्रुपवर टाकायच्या आधी फडावर असलेल्या आईबापाला पाठव. सव्वीस जानेवारीला समोर आज्ज्याच बसलेल्या असतात. आईबाप तिकडं सांगली-कोल्हापूरकडं नाही तर कर्नाटकात.

तुझ्याकडं आठवीपर्यंत वर्ग आहेत, म्हणून आणखी एक. एनएमएमएसमध्ये, म्हणजे आठवीतल्या गरीब घरच्या पोरांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत, कुणी लागलं, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. या घरांत ही रक्कम लहान नाही, तुझं स्वतःचं शिक्षणसेवकाचं मानधन महिन्याला 16,000 आहे म्हणजे तुला कळेलच. पेढे वाटून झाले की त्याच आठवड्यात पोराचं बँक खातं, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळतंय का ते बघ. एका पोराचं स्पेलिंग जुळत नव्हतं. सत्कार मी थाटात केला, आणि पैसे अडकलेत हे मला वर्षानं कळलं. तोवर त्याच्या बापाने त्याला हॉटेलात कामाला लावलं होतं.

राहिली तुझी यादी. उपस्थितीचं बक्षीस ठेव, पण ‘गावात असताना एकही खाडा नाही’ असा हिशेब धर. हजेरीपट समोर घेऊन मोज, चार-पाच नावं तरी निघतील. तेवढ्या कंपास पेट्या आत्ताच जास्तीच्या आण आणि कपाटात ठेव. पाडव्यानंतर टेम्पो गावात शिरला, की दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात काढ. द्यायला पाहुणा शोधू नकोस, खिचडी करणाऱ्या ताईंच्या हातून दे. कपाटाची किल्ली तेवढी आठवणीनं तुझ्याजवळ ठेव, नाहीतर पेट्या कुठल्या तरी उद्‌घाटनाला जातात.

तुझा,
जुना मास्तर