व्हाइसचा शोध कुणी लावला, आणि घरच्या लाकूडकामासाठी तो घ्यावा का?

व्हाइस म्हणजे स्क्रू फिरवून दोन जबड्यांत वस्तू घट्ट धरणारा, बाकाला बसवायचा शिकंजा. तो शोधणारा म्हणून एकाचं नाव घेता येणार नाही. १५०५ च्या सुमाराला जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या मार्टिन लॉफेलहोल्त्सने काढलेल्या चित्रांत सुताराच्या बाकाला स्क्रूचा व्हाइस दिसतो. त्याच्याही कितीतरी आधी इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या रोमन भित्तिचित्रात बाकाच्या भोकात ठोकलेला वाकडा लोखंडी आकडा फळी दाबून धरतोय. लोखंडी स्क्रूचे आटे पूर्वी हाताने कानशीने घासत. १८०० च्या आसपास हेन्री मॉड्स्ली या इंग्रज यंत्रकाराने स्क्रू कापायचा लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) सुधारला, तेव्हा कुठे ते काम यंत्राकडे गेलं.

आता घ्यावा का? आमच्या घरात यावर तीस वर्षं भांडण चालू आहे.

आमचे आप्पा देवगडचे सुतार. व्हाइस नाही, क्लॅम्प नाही. फणसाच्या फळ्या जोडून दार करायचं तर अंगणात दोन्ही बाजूंना खुंट ठोकायचे, मध्ये फळ्या ठेवायच्या आणि खुंट व फळी यांच्या फटीत दोन पाचरी उलटसुलट मारायच्या. चौकट असेल तर भोवती सुंभ गुंडाळून त्यात काठी घालून पीळ द्यायचा. सरस सुकेपर्यंत सांधा हलायचा नाही. स्क्रू तरी काय, दांड्याला गुंडाळलेली पाचरच.

दादा मुंबईला कारखान्यात. गणपतीला येताना त्याने ओतीव लोखंडाचा मोठा व्हाइस आणला, एस्टीच्या टपावर टाकून. आप्पा म्हणाले, "ह्यां लोखंडाचां लचांड माका नको." दादाने तरीही पडवीत बाकाला बोल्ट मारून बसवला. आप्पांनी त्याला हात लावला नाही. खाडी हाकेच्या अंतरावर, खारा वारा. पुढच्या पावसाळ्यात स्क्रू असा जाम झाला की दांडा हलेना. दादाने सुट्टीत येऊन दांड्यावर हातभर पाइप चढवला आणि जोर केला. स्क्रू सुटला नाही, जबड्याला तडा गेला. ओतीव लोखंड वाकून इशारा देत नाही.

तरी दादा आजही म्हणतो, "आप्पांकडे साधा व्हाइस नव्हता म्हणून धंदा वाढला नाही." साफ चूक. धंदा वाढला नाही कारण लोक उधारी बुडवत होते.

तेव्हा तुम्ही नुसतं लाकूड करणार असाल तर दोन-चार जी क्लॅम्प (इंग्रजी G च्या आकाराचे, स्क्रूने आवळायचे) घ्या आणि पाचरी घरीच काढा. व्हाइसला पैसे घालू नका. हां, पाती कानशीने घासायची असतील, पाइप कापायचा असेल, तर व्हाइसला पर्याय नाही, हे मान्य. लाकूड धरताना जबड्यांना लाकडी पट्ट्या लावा, नाहीतर दात उमटतात. आणि कोकणात राहत असाल तर मिरगाआधी स्क्रूला ग्रीस. आम्ही ते केलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

आणखी एक. बारीक काम आप्पा पायाने दाबून धरायचे. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं, पटाशीने गेलेलं. भांडणात दादा शेवटी तो अंगठा काढतो, आणि मग मी चहा टाकायला उठतो.