मुलीला बाळदमा आहे, शाळा हमरस्त्याला लागून आहे. हिवाळ्यात तिचं मैदानावर खेळणं बंद करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी तिसरीत आहे, दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा खोकला हटत नाही, डॉक्टरांनी पंप दिलाय आणि सासूबाई म्हणतात की त्याची सवय लागते. मी पुण्यातल्या एका शाळेत १८ वर्षं पी.टी. शिकवते. डॉक्टर नाही, पण धापा टाकणारी मुलं रोज बघते. माझ्या मते खेळ बंद करू नका, खेळाची वेळ बदलून घ्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप थांबवू नका.

मी हे एका मुलामुळे शिकले. डिसेंबरातली सकाळ, सव्वासात वाजलेले, मैदानावर धुकं. सहावीतला तो मुलगा दुसऱ्या फेरीत थांबला आणि म्हणाला, "बाई, छाती आवळतेय." मला वाटलं, थंडीत पळायचा कंटाळा करतोय. "पळ, होईल नीट," म्हणाले मी. तिसऱ्या फेरीत तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला, तेव्हा ओठ निळसर पडले होते. दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. दोन दिवसांनी तो घरी गेला, पण माझं ते वाक्य अजून मला झोपू देत नाही.

ते नुसतं धुकं नव्हतं. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिच्यालगतची हवाही गार होते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण बसतं. वारा पडलेला असतो. गाड्यांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर मग खालीच साचून राहतो. ऊन चांगलं वर आलं की हे झाकण उठतं. म्हणजे आम्ही मुलांना पळवत होतो ते नेमकं वाईट हवेच्या वेळी. त्यात पळताना मूल कितीतरी पट जास्त हवा ओढतं, आणि तोंडाने ओढतं, म्हणजे नाकाची गाळणीही गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठी. फुप्फुसांसाठीही ते बरंच झालं, असं मला वाटतं. आता आमच्याकडे हिवाळ्यात पळण्याचा तास मधल्या सुट्टीनंतर असतो. सकाळी वर्गातच योगासनं.

हे फक्त खोकल्यापुरतं नाही. मुलांची फुप्फुसं अठराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत वाढत असतात. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून शाळकरी मुलांची फुप्फुसं वर्षानुवर्षं मोजली गेली. सूक्ष्म धूलिकण सर्वांत जास्त असलेल्या गावात १८ वर्षांच्या मुलांपैकी ७.९ टक्के मुलांची श्वासाची ताकद फारच कमी भरली, सर्वांत स्वच्छ गावात १.६ टक्के. पुढे तिथली हवा सुधारली आणि नंतरच्या मुलांची फुप्फुसं खरोखर जास्त वाढली. मला याच गोष्टीचा सगळ्यांत धीर वाटतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप मोबाइलवर घ्या. हवा किती वाईट आहे याचा आकडा (एक्यूआय) त्यात दिसतो; आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट. १०१ ते २०० आकड्याला 'मध्यम' म्हणतात. या शब्दावर जाऊ नका. दमा असलेल्यांना आणि लहान मुलांना इथपासूनच त्रास होऊ शकतो, असं त्याच वर्गवारीत म्हटलंय. आकडा २०० च्या वर असेल त्या दिवशी तिला पळवू नका, कॅरम-बुद्धिबळ चालेल. कापडी मास्कने सूक्ष्म धूलिकण फारसे अडत नाहीत. एन-९५ लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही, आणि तो लावून पळणं तर नकोच.

शाळेचं फाटक मात्र बघा. सुटायच्या वेळी रिक्षा, व्हॅन, दुचाक्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, आणि तिसरीतल्या मुलीचं नाक सायलेन्सरपासून फार उंचावर नसतं. आम्ही पालकसभेत दोन गोष्टी मागून घेतल्या: गाड्या कोपऱ्यापलीकडे उभ्या करायच्या आणि इंजिन बंद. शाळेत पालापाचोळा जाळत असतील तर तेही थांबवा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली आहे, ५,००० रुपये दंड आहे. घरी तिच्या खोलीत अगरबत्ती आणि डासांची कॉइल नको.

आता सासूबाईंचं. त्यांची भीती प्रेमापोटीच आहे, त्यांना दवाखान्यात सोबत न्या. पंपातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून गोळी-सिरपपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. रोजचा पंप आतली सूज शांत ठेवतो, धाप लागल्यावर घ्यायचा वेगळा. खोकला थांबला म्हणून रोजचा पंप घरच्या घरी बंद केला की पुढची थंडी जड जाते, हे मी कितीतरी मुलांत पाहिलंय. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या, नंतर चूळ भरायला लावा. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि उद्याच पी.टी.च्या शिक्षकांना भेटा. कोणता पंप कधी द्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तो कागद त्यांच्याकडे द्या. धाप लागल्यावरचा पंप तिच्या दप्तरात राहील की बाईंच्या कपाटात, हेही विचारा. त्या मुलाचा पंप ऑफिसात कुलूपबंद होता, आणि त्या सकाळी आम्ही किल्ली शोधत होतो.