कंपन्या एकमेकांची माणसं न घेण्याचं खरंच आपसात ठरवतात का?

हो, आणि चांगल्या बड्या कंपन्या. सिलिकॉन व्हॅलीत ॲपल, गूगल, इंटेल, अडोबी यांच्यात ‘तुमच्या माणसांना नोकरी देऊ करायला आम्ही फोन करणार नाही, तुम्हीही करू नका’ असं ठरलेलं होतं. २००७ मध्ये गूगलच्या एका रिक्रूटरने (भरतीसाठी माणसं शोधणाऱ्याने) ॲपलच्या इंजिनिअरला गाठलं. ॲपलचा तेव्हाचा प्रमुख स्टीव्ह जॉब्सने गूगलकडे तक्रार केली, रिक्रूटरची नोकरी गेली. ते कळवणारा निरोप जॉब्सने ॲपलच्या एचआर अधिकाऱ्याला पुढे पाठवला, आणि सोबत काय? हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह! बाहेरून ऑफरच येत नसेल तर पगारासाठी घासाघीस कशाच्या जोरावर करणार? २०१० मध्ये अमेरिकी न्याय खात्याने हे बंद पाडलं. नंतर सुमारे ६४,००० कर्मचाऱ्यांच्या दाव्यात ३२.४५ कोटी डॉलरची तडजोड न्यायाधीश लूसी कोह यांनी अपुरी म्हणून फेटाळली. २०१५ मध्ये ४१.५ कोटींवर मिटलं. वकिलांची फी जाऊन माणशी काही हजार डॉलर.